घरचं बी

मंगळवेढ्याजवळच्या आमच्या आजोळी ज्वारीची काढणी सुरू झाली, की आजोबा बियाण्याची कणसं स्वतः निवडायला बसत. टपोरं, भरगच्च, मोत्यासारख्या दाण्याचं कणीस दिसलं की ते बाजूला पडे आणि आढ्याला टांगलं जाई. ‘बी घरचंच असावं, बाहेरच्याचा काय भरवसा?’ असं ते म्हणत. १९९३ साली माझं लग्नही त्यांनी याच न्यायानं ठरवलं. मी बँकेत चिकटलेलो, सख्ख्या मामाची मुलगी उपवर झालेली. आमच्या सोलापूर भागात यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही.

१९९६ साली थोरली मुलगी झाली. वर्षाची झाली तरी पाठीमागे भांडं पडलं तर ती दचकत नसे. जन्मतःच बहिरी होती. नातेवाइकांनी निदान केलं, की १९९५च्या दिवाळीतल्या ग्रहणात हिनं विळी धरली असणार. बायको काही बोलली नाही. पण पुढं प्रत्येक ग्रहणाला ती स्वयंपाकघराकडे फिरकत नसे.

सोळा वर्षांनी, २०१२ मध्ये, एका डॉक्टरांच्या आग्रहावरून आम्ही तिघांनी रक्त दिलं. आतल्या कानातल्या पेशींना एकमेकींशी जोडणारं ‘कनेक्सिन २६’ नावाचं प्रथिन असतं. ते तयार करणाऱ्या जनुकातलं एक अक्षर बदललं होतं. एका अक्षरानं सूचना चोविसाव्या पायरीवरच थांबते आणि प्रथिन अर्धवट राहतं. भारतातल्या आनुवंशिक बहिरेपणात हाच बदल वारंवार सापडतो.

मला हे उमगलं ते बँकेच्या भाषेत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यासारखं हे आहे. एकाची सही चालत नसली तरी दुसऱ्याच्या सहीवर व्यवहार होतो, खातेदाराला पत्ताही लागत नाही. माझी एक सही बाद होती, बायकोची एक. दोन्ही बहुधा एकाच आजी-आजोबांकडून आलेल्या. मुलीच्या वाट्याला नेमक्या त्याच दोन आल्या. अशा जोडप्याच्या दर बाळंतपणात ही शक्यता चारात एक असते. धाकट्याला सगळं ऐकू येतं.

मग आजोबांची ज्वारी कशी निभावली? ज्वारीचा वंशही आपल्यासारखाच चार अक्षरांत लिहिलेला. २००९ साली तो संपूर्ण वाचला गेला तेव्हा सुमारे ७३ कोटी अक्षरं निघाली, आणि जनुकं २७ हजारांवर. माणसाची वीस हजारांच्या आसपास. (आपला ताठा उतरवायला एवढं पुरे.) ज्वारी बहुतेक स्वतःच्याच परागानं फळते, म्हणजे मामाची मुलगी सोडाच, ती स्वतःशीच लग्न लावते. त्यामुळे दडलेले दोष पटापट उघडे पडतात. ते ताट खुरटतं आणि त्याचं कणीस आढ्याला चढत नाही. पिढ्यान्पिढ्या असं गाळून उरली ती मालदांडी. याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात तिच्यातून निवडलेलं ‘एम ३५-१’ हे वाण अजून रब्बीत पेरलं जातं. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आजोबांनी बाजूला टाकलेल्या कणसांची गिनती कुणी ठेवली नाही. घरात तसं गाळायचं नसतं. गाळू म्हटलं तर आमची थोरली पहिली गेली असती, जी आज आमच्यात सगळ्यात सुबक अक्षर काढते आणि माझी हस्तलिखितं तपासते.

साधारण जोडप्यांत शंभरातल्या दोन-तीन बाळांना जन्मजात मोठा दोष असतो. मामे-आतेभावंडांच्या लग्नात हे प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव धडधाकटच. म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नाही.

तो अहवाल मी बायकोला मराठीत करून सांगितला. तिनं दोनदा ऐकला. मग म्हणाली, “म्हणजे विळीचं नव्हतं.”

आता धाकट्या बहिणीला आमच्या भावाची मुलगी सून म्हणून हवी आहे. मी दोघांच्या रक्ततपासणीचा हट्ट धरला, तर ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. गेल्या आठवड्यात मुलांनी आपण होऊन नमुने दिले. अहवाल यायचा आहे. तोवर बहिणीनं सगळ्यांना हुरड्याला बोलावलंय, मलासुद्धा.