आधी जागा, मग गीझर
घरातली यंत्रं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात टाकीच्या गीझरचा हिशेब पाहिला. आज टाकी नसलेल्या, नळ सोडताच पाणी तापवून देणाऱ्या गीझरकडे वळू. दुकानात पहिला प्रश्न होतो ‘किती लिटरचा?’ आणि दुसरा ‘केवढ्याला?’ पण या दोन्हींच्या आधी ‘बसवणार कुठे?’ हे ठरायला हवं. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवता येत असेल तरच घ्यावा. नसेल, तर विजेच्या गीझरचा संथपणा चालवून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅसची ओढ वाटणं साहजिक आहे. थंडीत पाणी १८ अंशांवर असेल आणि अंघोळीला ४२ अंशांचं हवं असेल, तर १५ लिटरची बादली भरायला ३ किलोवॉटच्या इन्स्टंट गीझरला आठ-साडेआठ मिनिटं लागतात. मिनिटाला ६ लिटरवाला गॅस गीझर तेच काम अडीच मिनिटांत उरकतो, कारण तो साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता पाण्याला देतो. विजेवर एवढी ताकद मिळवायची तर ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागेल, आणि तो आपल्या नेहमीच्या सिंगल फेज जोडणीला झेपत नाही. ३ किलोवॉटलाच १३ अँपिअर लागतात. त्यासाठीही स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी हवीच.

मात्र या वेगाची किंमत हवेत मोजावी लागते. असा गॅस गीझर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. घरातल्या तिघांच्या अंघोळी लागोपाठ झाल्या आणि बर्नर पंधरा मिनिटं चालला, तर तीन घनमीटर हवा, म्हणजे खोलीतल्या निम्म्याहून अधिक हवेइतकी, त्यालाच लागते. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळणाऱ्या गॅसचा वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, हातपाय गळतात, आणि कडी तर आतून लावलेली असते.

‘आमच्याकडे खिडकी आहे,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. पण गीझर सर्वांत जास्त चालतो तो थंडीत, आणि खिडकी लावून घेतली जाते तीही थंडीतच. एक्झॉस्ट फॅनचंही तसंच. हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा फार काही बाहेर फेकू शकत नाही. शिवाय तो चालू करायचं लक्षात राहायला हवं. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद त्याहून फसवा, कारण बर्नरवर काजळी आणि धूळ साचत जाते, तसतसं ज्वलन बिघडत जातं. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. पण ते घड्याळ मिनिटं मोजतं, विषारी वायू नाही.

बाहेर बसवला तर पाणी वाटेत निवेल, ही शंका रास्त आहे. पण अर्ध्या इंची पाइपच्या पाच मीटरमध्ये लिटरभरही पाणी मावत नाही. पाइपवर उष्णतारोधक आवरण चढवलं की प्रश्न मिटतो. गीझर ड्राय बाल्कनीत, पावसापासून आडोशाला आणि खिडक्यांपासून दूर ठेवावा. वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब आधी तपासावा, कारण टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटर असेल तर गीझर पेटायलाच कुरकुरतो. पाइप गॅस असेल तर त्याच गॅससाठी बनवलेलं मॉडेल घ्यावं. आणि गीझर आधीच बाथरूममध्ये बसलेला असेल, तर पुढच्या थंडीची वाट पाहू नका. याच आठवड्यात प्लंबर आणि कंपनीचा अधिकृत तंत्रज्ञ यांना बोलावून तो बाहेर हलवून घ्या.