रोजचे शब्द : इंग्रजीतून नॉर्वेजियनमध्ये

भाषांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काव्य, नाटक किंवा तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उभे राहतात. तेव्हा ‘प्लीज’, ‘फ्रिज’, ‘बिस्किट’ अशा किरकोळ इंग्रजी शब्दांचे नॉर्वेजियन भाषेत काय होते, हा विषय मी स्मृतिव्याख्यानासाठी निवडावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मुलाच्या नोकरीमुळे काही वर्षे नॉर्वेत राहण्याचा योग आला आणि उतारवयात ती भाषा शिकावी लागली. त्या अभ्यासात ध्यानी आले ते असे, की ग्रंथातील जड शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात. अडतात ते स्वयंपाकघरातले आणि ओसरीवरचे.

‘जाणणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘नो’ घ्या. नॉर्वेजियनमध्ये त्याची तीन क्रियापदे होतात. एखादी गोष्ट माहीत असेल तर ‘व्हिते’, माणूस ओळखीचा असेल तर ‘शेने’ आणि भाषा येत असेल तर ‘कुने’. इंग्रजांना हा भेद घोकावा लागतो. आपल्याला तो घोकण्याचे कारणच नाही. माहीत असणे, ओळखणे आणि येणे हे आपण लहानपणापासून वेगळे ठेवतो. मात्र ‘थिंक’पाशी मराठीची मदत तोकडी पडते. पाऊस येईलसे वाटते, तेथे ‘त्रू’. आमटी छान झाली असे वाटते, तेथे ‘सीनेस’. पहिला अंदाज, दुसरा स्वानुभवाचा अभिप्राय. आपण दोन्हीकडे ‘वाटते’ म्हणून मोकळे होतो.

‘प्लीज’ला तर नेमका प्रतिशब्दच नाही. ‘व्हॅर सो स्निल’, म्हणजे ‘इतका भला हो’, असा प्रयोग आहे. पण पाव मागताना दर वेळी तो केला तर दुकानदारास काकुळतीचा वाटेल. हवे ते सांगावे आणि शेवटी ‘ताक्’ म्हणावे. (हे आपले ताक नव्हे, त्याचा अर्थ ‘आभार’.) आपणही पाटीवर ‘कृपया’ लिहितो, पण घरात ‘जरा पाणी देता का?’ असेच म्हणतो. विनंती त्या ‘जरा’मध्ये असते.

नव्या वस्तूंच्या नावांकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. 1814 पर्यंत नॉर्वे सुमारे चार शतके डेन्मार्कशी जोडलेला होता आणि लेखनाची भाषा डॅनिश होती. पुढे ईवार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने खेडोपाडी हिंडून बोलीतले शब्द गोळा केले. 1848 मध्ये त्याचे व्याकरण आणि 1850 मध्ये कोश प्रसिद्ध झाला. त्यावर उभी राहिलेली लेखनभाषा आज ‘नीनोश्क’ म्हणून ओळखली जाते. दुसरी ‘बूकमोल’, ती डॅनिशमधून हळूहळू घडली. 1885 मध्ये तेथील संसदेने दोन्ही प्रवाहांना समान मान दिला. परक्या शब्दाला घरचा शब्द शोधण्याची सवय त्या लोकांना या झगड्यातून लागली.

तो शब्द ते कोठून आणतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. फ्रिजला ते ‘शोलेस्काप’ म्हणतात, म्हणजे गार करणारे कपाट. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे ‘स्तोव्हसूगेर’, धूळ ओढणारा. संगणकाची माहिती खिशात नेण्याची कांडी म्हणजे ‘मिन्नेपेन’, आठवणींची लेखणी! पाच वर्षांच्या मुलाला शब्दाचे दोन्ही तुकडे आधीच ठाऊक असतात. आपल्याकडेही या कामी मोठे प्रयत्न झाले. आपल्या वडोदऱ्यातच 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश सिद्ध झाला. कचेरीसाठी संस्कृताची कास धरणे योग्यच होते, पण तीच रीत स्वयंपाकघरात चालली नाही. ‘शीतकपाट’ हा शब्द मी कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. गुजरातीच्या शेजारात, इंग्रजी शाळांच्या दिवसांत आपली नातवंडे ‘फ्रिज उघड’ म्हणतात, त्यात त्यांचा दोष किती आणि शब्द घडवणाऱ्यांचा किती?

अर्थात तेथेही सगळे शब्द टिकतात असे नाही. दूरचित्रवाणीला ‘फ्येर्नसीन’ हा, आपल्या ‘दूरदर्शन’सारखाच, दूरच्या दृष्टीचा शब्द आहे, बोलताना मात्र ‘तेवे’ चालते. काही परके शब्द तर घरजावई होऊन बसले आहेत. इंग्रजी ‘केक्स’ हे अनेकवचन तेथे ‘शेक्स’ झाले, अर्थ बिस्किट झाला आणि एका बिस्किटालाही ‘शेक्स’च म्हणू लागले, त्यावर पुन्हा नॉर्वेजियन प्रत्यय चढतात. आपणही ‘पेन्सिल’च्या ‘पेन्सिली’ करतो, तोच हा व्यवहार. असा शब्द परका मानण्याचे मला कारण दिसत नाही.

नात्यांत प्रत्येक भाषा आपल्या परीने भिंती घालते. इंग्रजी ‘ग्रँडमदर’साठी तेथे आईची आई ‘मुरमुर’ आणि वडिलांची आई ‘फारमुर’ असा भेद करता येतो. आपल्याकडे दोघी आजीच. उलट आपले काका आणि मामा तेथे ‘उंकेल’ या एकाच शब्दात कोंबले जातात.

आणखी एक शब्द सांगतो, ‘डोय्न’. दिवस आणि रात्र मिळून होणारे चोवीस तास, एवढा त्याचा अर्थ. रोजच्या इंग्रजीत त्याला सुटसुटीत शब्द नाही, म्हणून भाषांतरकार तास मोजत बसतो. नॉर्वेत रात्रंदिवस उघड्या दुकानाच्या पाटीवर हाच शब्द दिसतो. मराठीत त्याला जसाच्या तसा जुळणारा ‘अहोरात्र’ आहे, आणि आपल्या औषधांच्या दुकानांवर ‘चोवीस तास’ लिहिलेले असते.