न सापडणे आणि नसणे

संगणकाचा मोठा प्रोग्राम म्हणजे हजारो फाइलींचा पसारा असतो. वीस-वीस वर्षे वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला तो सोर्स कोड कुणी सलग वाचत नाही, त्यात फक्त शोधतात. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक कमांड आणि तिच्यापुढे हवा तो शब्द लिहायचा, की तो शब्द असलेल्या सगळ्या ओळी क्षणात समोर येतात. शब्द नसेल तर मात्र ही कमांड काहीच बोलत नाही. 'सापडला नाही' एवढेसुद्धा नाही. या मौनावर विसंबून 'हे आता कुणी वापरत नाही' असे ठरवले जाते आणि कोडचे तुकडे पुसले जातात. तेव्हा त्या मौनाचा अर्थ काय, हे पाहणे भाग आहे.

कमांडचे नाव ग्रेप. ती केन थॉम्पसन यांनी अमेरिकेतील न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्जमध्ये लिहिली. तिथे 'एड' नावाचा एडिटर वापरात होता. त्यात आधी 'जी', मग दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा नमुना आणि शेवटी 'पी' लिहिले, की नमुन्याशी जुळणाऱ्या सर्व ओळी छापल्या जात. अशा नमुन्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, त्याची आद्याक्षरे आर आणि ई. जी, आर, ई, पी मिळून ग्रेप.

ब्रायन कर्निघन या नावामागची हकिगत अशी सांगतात: ली मॅकमहन या सहकाऱ्याला 'फेडरलिस्ट पेपर्स'चा अभ्यास करायचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले हे ८५ निबंध. त्यांतल्या काहींचा लेखक नेमका कोण, हा जुना वाद. पण एवढा मजकूर एडमध्ये मावेना. थॉम्पसन यांनी मग शोधण्याचा भाग एडमधून सोडवून घेतला आणि त्याचा स्वतंत्र प्रोग्राम केला. डग मॅकिलरॉय यांच्या आठवणीनुसार असा प्रोग्राम थॉम्पसन यांच्या खासगी वापरात आधीपासूनच होता. मॅकिलरॉय यांनी मागितल्यावर तो सर्वांसाठी बाहेर आला. दोन्ही हकिगती एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही. १९७३ च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये ग्रेपची नोंद आहे. कोडमध्ये शोधण्याचे हे हत्यार आधी एका ग्रंथकर्तृत्वाच्या वादात उपयोगी पडावे, याची मला मौज वाटते.

जुना ग्रेप ओळीमागून ओळ वाचत जाई. पुढे जो वेग आला तो बराचसा न वाचण्यातून आला. १९७७ मध्ये रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. 'कमलनयन' हा सहा अक्षरी शब्द शोधायचा आहे असे धरा. पहिले अक्षर न पाहता थेट सहावे पाहायचे. तिथे 'ट' असेल, तर 'कमलनयन'मध्ये 'ट' नाहीच. म्हणजे ही सहाही स्थाने सोडून पुढे उडी मारता येते. तिथे 'ल' असेल तर उडी तीनच घरांची. शब्द जितका लांब, तितक्या उड्या लांब. माइक हेर्टेल यांनी लिहिलेल्या ग्नू ग्रेपचा वेग याच कल्पनेवर उभा आहे. हे वगळणे निर्धोक आहे, कारण उडीखाली गेलेल्या जागेत तो शब्द असूच शकत नाही.

दुसऱ्या प्रकारचे वगळणे तसे नाही. अँड्र्यू गॅलंट यांचा रिपग्रेप २०१६ मध्ये आला आणि वेगामुळे अनेकांनी तो उचलला. पण प्रकल्पात 'दुर्लक्ष करावे' म्हणून नोंदवलेल्या फाइली, लपवलेल्या फाइली आणि मजकूर नसलेल्या बायनरी फाइली तो आपणहून गाळतो. बहुतेक वेळा तेच हवे असते. पण तुमचा शब्द नेमका तिथेच असेल तर? कमांडला 'यू' हे अक्षर तीनदा जोडले, की तो सगळे पाहतो. हे ठाऊक नसलेल्याला दिसते ते फक्त मौन. शिवाय प्रोग्राम चालू असताना दोन तुकडे जोडून तयार होणारे नाव कोणत्याच फाइलीत अखंड लिहिलेले नसते. ते कुठलेच हत्यार शोधू शकत नाही.

ग्रेपचे मौन अगदीच मुके नाही, हेही सांगायला हवे. काम संपताना तो पडद्याआड एक अंक ठेवून जातो: सापडले तर ०, न सापडल्यास १, आणि फाइल उघडताच आली नाही अशी काही अडचण असेल तर २. 'नाही' आणि 'पाहता आले नाही' यांतला फरक त्याने जपला आहे. तो अंक तपासण्याची तसदी किती जण घेतात, ही गोष्ट वेगळी.

आता मराठीकडे. संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप यांच्या कोडमध्ये मराठी वाक्ये असतात आणि ती दुरुस्त करायची तर आधी शोधावी लागतात. 'दुसऱ्या' हा साधा शब्द घ्या. त्यातला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: 'ऱ' हे वेगळे अक्षर आणि हलन्त, किंवा नेहमीचा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडत नाही. अशा वेळी नुसते 'दुस' शोधावे आणि आलेल्या ओळी डोळ्यांनी चाळाव्यात.

आपले ऱ्हस्व-दीर्घही असेच आडवे येतात. 'फूल' शोधले तर 'फुलाला' हातातून निसटते. इथे रेग्युलर एक्स्प्रेशन कामी येते: फ[ुू]ल असे लिहिले, की चौकटी कंसातला कोणताही एक उकार चालतो. मग 'फुलपाखरू'ही जाळ्यात येते, पण जास्तीचे सापडलेले दिसते तरी.

जावा भाषेतल्या जुन्या प्रकल्पांत तर मराठी अक्षरे बऱ्याचदा अक्षरे म्हणून नसतातच. 'द'च्या जागी तिरकी रेघ, यू आणि ०९२६ हा संकेत असतो. अशा फाइलींत 'दुसऱ्या' शोधायचा, तर आधी तो शब्दच संकेतांत मांडून घ्यावा लागतो. आणि मांडताना त्या अर्ध्या र साठी ०९३१ घ्यायचा की ०९३०, हा प्रश्न पुन्हा समोर येतो.