चाकणमधल्या मारामाऱ्या वाढल्या का? आकडे कसे वाचायचे आणि एन.सी.वर का थांबायचं नाही

चाकण (ता. खेड) : किरकोळ कारणावरून कोयत्याने वार, रात्रपाळी सुटलेल्या कामगाराला लुटले, टोळक्याने गाड्या फोडल्या. अशी बातमी ग्रुपवर आली की खाली लगेच कोणीतरी लिहितं, बाहेरची लोकं आली आणि गाव बिघडलं. गोष्ट एवढी सोपी नाही. ती समजून घेतली तर आपल्या गावात काय करता येईल हेही कळतं, कारण एमआयडीसी आता शिरूर, दौंडकडेही पसरलीय.

आकडा बघताना तीन गोष्टी

पहिली गोष्ट हद्दीची. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी पुणे ग्रामीणमधून तिकडे गेली. राजगुरुनगर मात्र ग्रामीणमध्येच राहिलं. म्हणून २०१८ च्या आधीचे आणि नंतरचे ग्रामीणचे आकडे शेजारी ठेवून गुन्हे घटले म्हणणं चूक आहे. चाकणचे गुन्हे दुसऱ्या वहीत गेले, एवढंच.

दुसरी गोष्ट लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेत चाकण साधारण ४१ हजारांचं होतं. २०१५ ला नगरपरिषद झाली. त्यानंतर खोल्यांमधून किती कामगार राहायला आले, ते त्या आकड्यात नाहीत. माणसं दुप्पट झाली आणि गुन्हेही दुप्पट झाले, तर धोका तेवढाच राहिला असा हिशोब होतो.

तिसरी गोष्ट टक्क्यांची. समजा एका ठाण्यात गेल्या वर्षी ३ खून होते आणि यंदा ६ झाले. बातमीत शंभर टक्के वाढ येईल. छोट्या गावाचा एका वर्षाचा आकडा फार हलतो. पाच वर्षं एकत्र बघितली तरच कल कळतो. त्यातही खुनाचा आकडा जास्त भरवशाचा, कारण खून लपत नाही. मारहाण आणि लूट मात्र अनेकदा ठाण्यापर्यंत पोचतच नाही.

भांडण कशावरून होतं

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात २८,५२२ खुनांची नोंद आहे, महाराष्ट्रात २,२९५. देशातल्या खुनांपैकी ९,९६२ वादातून झाले, ३,७६१ वैमनस्यातून. पैशाच्या लाभासाठी झालेले १,८८४. म्हणजे चोर-दरोडेखोरापेक्षा ओळखीतला वादच जास्त जीव घेतो.

वाढत्या गावात वादाला कारणंही वाढतात. जमिनीला भाव आला की भावकीत बांधावरून, हिश्श्यावरून कोर्टकचेरी सुरू होते. कंपनीच्या भंगाराचा, लेबरचा, गाड्यांचा ठेका कोणाला, यावरून गट पडतात. काम नसलेली पोरं अशा गटामागे फिरतात आणि मग भाईगिरी, वाढदिवसाचे फ्लेक्स, रील. उसाच्या फडातला कोयता तिथे खेळणं होतो. कोयता नाचवत रील टाकली तरी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो, हे पोरांच्या आईबापांनी लक्षात ठेवावं. खुनासारख्या गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलालाही मोठ्यांसारखं कोर्टात उभं करायचं का, हे बाल न्याय मंडळ तपासून ठरवू शकतं.

बाहेरून आलेला कामगार यात बऱ्याचदा मार खाणारा असतो. पगाराचे पैसे आणि मोबाईल खिशात, रात्री अंधारात चालत खोलीवर जाणारा. तक्रारीला गेला तर खाडा पडतो, म्हणून तो गप्प बसतो. लुटणाऱ्याला हे माहीत असतं.

खरी गळती एन.सी.वर

कोयता चालायच्या आधी बहुतेक वेळा दमदाटी, शिवीगाळ, कानाखाली मारणं झालेलं असतं. भारतीय न्याय संहितेत साधी मारहाण (कलम ११५), धमकी (३५१), शिवीगाळ (३५२) यांची सहसा अदखलपात्र, म्हणजे एन.सी. नोंद होते. एन.सी.मध्ये दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. लोक कागद घेऊन घरी येतात आणि विषय तिथेच थांबतो.

तिथे थांबू नका. पुढचं असं :

- मार लागला असेल तर पोलिसांकडून दवाखाना यादी घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करा. हाड मोडलं, दात पडला किंवा १५ दिवस रोजचं काम करता आलं नाही, तर ती गंभीर दुखापत. हत्याराने साधी जखम झाली तरी कलम ११८ लागतं. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत.
- एन.सी. झाल्यावर समोरचा पुन्हा धमकावत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली चॅप्टर केसची मागणी लेखी द्या. त्यात कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचा बाँड लिहून घेऊ शकतात. अर्जाची पोच घ्या.
- दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते. प्रत फुकट मिळते.
- फिर्याद घेतली नाही तर कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा. तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
- ९० दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

सराईतांवर तडीपारी, एमपीडीए, मकोका लावतात. पण त्यासाठी आधीचे गुन्हे कागदावर लागतात. भीतीपोटी गावात बसून मिटवलेल्या मारहाणीची नोंद कुठेच राहत नाही, आणि तोच माणूस पुढच्या वेळी पहिल्यांदाच सापडल्यासारखा जामिनावर सुटतो. भावकीतलं किरकोळ भांडण मिटवायला हरकत नाही. हत्यार निघालं असेल तर मात्र मिटवू नका, फिर्याद द्या.

भांडण चालू असताना मध्ये पडून व्हिडिओ काढण्यापेक्षा आधी ११२ ला फोन लावा. तुमच्याकडे कामगार खोलीवर राहत असेल तर हा नंबर त्यालाही द्या, आणि वेळ आली तर त्याच्यासोबत ठाण्यात जा.