निळा धूर म्हणजे टर्बोच गेला का?

समजा, विचुंब्यातली एक टर्बो पेट्रोल गाडी खंडाळ्याचा घाट उतरून आली. उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबला आणि मागून निळा धूर! कुणीतरी लगेच म्हणणार, "टर्बो गेला." पण थांबा. धुराचा रंग काय जळतंय ते सांगतो, ते आलं कुठून हे नाही.

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट. निळा म्हणजे इंजिन ऑइल.

आता ऑइलच्या वाटा पाहू. उतारावर थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमधला दाब घटतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल खेचलं जातं. म्हणून पहिला संशय तिथे. पिस्टन रिंग्ज झिजल्या असतील तर कंप्रेशन चाचणीत कळतं. टर्बोसाठी इंटरकूलरचा पाइप काढून बघायचा: आत तेलाचा पातळ थर चालतो, साचलेलं ऑइल नाही.

आणि ते साचलेलं असलं तरी निकाल लागत नाही! टर्बोतलं ऑइल गुरुत्वाकर्षणाने खाली संपमध्ये उतरतं. ती परतीची नळी तुंबली किंवा क्रँककेसमध्ये दाब वाढला, तर धडधाकट टर्बोही गळतो. मग हजारो रुपयांचा नवा टर्बो बसवूनही धूर तसाच.

संशोधनातही हेच. चारही गृहीतकांना जुळणारं निरीक्षण कुणाच्याच बाजूचा पुरावा नसतं. त्यांना वेगळं करणारी, सगळ्यात स्वस्त चाचणी आधी शोधा.