पेढीचे मोल किती?

व्यापारी कुटुंबात वाटणीची वेळ आली, की जागा, माल आणि येणे-देणे यांचा हिशेब वहीत सापडतो. चालत्या पेढीचे मोल मात्र वहीत लिहिलेले नसते. ते काढण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसाय-मूल्यांकन. दिवसभर गल्ला सांभाळणाऱ्या तरुणांनी त्याच्या सायंकालीन वर्गास अवश्य जावे, असे बँकेत आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासलेल्या माझ्यासारख्याला वाटते.

मूल्यांकनाच्या वाटा तीन : मालमत्तेवरून, बाजारातील तत्सम व्यवहारांवरून आणि भावी उत्पन्नावरून. तिसरी सर्वांत नाजूक. समजा, सर्व खर्च, कर व आवश्यक भांडवली गुंतवणूक वजा जाता पेढीतून दरवर्षी १२ लाख रुपये उरतात आणि पुढेही तेवढेच उरतील. अपेक्षित परतावा १२ टक्के धरल्यास पेढीचे मोल १ कोटी येते. १५ टक्के धरल्यास ८० लाख. पेढी तीच, वहीही तीच. केवळ एका गृहीतकाने २० लाखांचे अंतर पडले. हिस्सा घेऊन बाहेर पडणाऱ्या भावाला कमी दर सोयीचा, पेढी ठेवणाऱ्याला जास्त. म्हणूनच ‘फायनान्शियल मॉडेल’ मांडताना गृहीतके वेगळ्या पानावर उघड लिहावीत, हा पहिला धडा.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ नुसार, त्या कायद्याखाली आवश्यक असलेले मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडूनच करून घ्यावे लागते. सायंकालीन वर्गाने आपण मूल्यांकक होत नाही, हे खरे. परंतु त्याचा अहवाल समोर ठेवून ‘हाच दर का धरला?’ असे शांतपणे विचारता येते. भावाभावांतील पुष्कळ कटुता हा प्रश्न वेळीच विचारल्याने टळू शकते.