पॅनेल लावलं, तरी अंधार का?

ताम्हिणीच्या पलीकडे किंवा आंबोलीच्या आसपास शेतघर बांधणारा माणूस आधी विजेचे खांब कुठवर आलेत ते बघतो. खांब लांब असले की कुणीतरी सांगतंच, "एक किलोवॅटचं सोलर टाका, बिनघोर राहा." गोंधळ इथूनच सुरू होतो. किलोवॅट हा पॅनेलचा कमाल जोर झाला. घराला लागतात युनिटं, म्हणजे किलोवॅट गुणिले तास. त्यामुळे हिशेब छपरावरून नव्हे, घरातल्या बटणांवरून मांडावा लागतो.

नऊ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले तर 180 वॉट-तास. बीएलडीसी पंखा 30 वॉटचा, दहा तासांचे 300. लॅपटॉप आणि दोन मोबाइल मिळून साधारण 150. बेरीज 630, इन्व्हर्टरचा वाटा धरून पाऊण युनिट. स्वच्छ उन्हात 400 वॉटचं एकच पॅनेल दिवसाला सव्वा ते दीड युनिट देतं, म्हणजे चंगळच. पण तिथे 75 वॉटचा जुना पंखा लावला, तर तो एकटाच दहा तासांत 750 खातो. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. आंघोळीच्या पाण्याला बंब बरा.

"ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त" हा समज तर घरोघरी आढळतो. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्यावर छापलेले वॉट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात आणि पुढे दर अंशामागे 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते. विदर्भात मे महिन्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं, तर सातवा हिस्सा तिथेच गेला. उलट लडाखमध्ये फे गावाजवळची सेकमोल ही संस्था हाडं गोठवणाऱ्या थंडीतही सौरऊर्जेवर चालते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नये. खालून वारा खेळायला जागा ठेवावी.

मग पावसाळ्यात सोलर बंदच पडतं का? तसंही नाही. दाट ढगांतून गाळून येणाऱ्या उजेडावर पॅनेल क्षमतेच्या दहा ते पंचवीस टक्के काम करतं. दीड युनिटाच्या जागी तीनशे वॉट-तास, म्हणजे दिवे आणि मोबाइल निभावतात, पंखा नाही. घाटमाथ्यावर जुलैत असे दिवस ओळीने येतात. शेतघराचं माप जानेवारीच्या निरभ्र दिवसावरून घेणं म्हणजे उन्हाळ्यात छत्री न घेता फिरून पाहून ती लागतच नाही असं ठरवण्यासारखं आहे.

बॅटरीबाबतचा भ्रम सगळ्यात महाग पडतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात. पण शिसं-आम्लाची बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत. लिथियम फॉस्फेटची 80 टक्क्यांहून जास्त वापरता येते, म्हणून तिची चढी किंमत तितकी चढी राहत नाही. गाडीची जुनी बॅटरी मात्र इथे नकोच. तिच्या पातळ पट्ट्या काही सेकंदांचा जोरकस झटका देण्यासाठी केलेल्या असतात. रोज खोलवर उपसल्या की काही महिन्यांत मरतात.

तारेकडे कुणी पाहत नाही. बॅटरीपासून पंधरा मीटरवर 240 वॉटचा भार 12 व्होल्टवर चालवायचा आणि तांब्याची तार अडीच चौरस मिलिमीटरची वापरायची, तर जाऊन-येऊन तीस मीटरच्या तारेतच चारेक व्होल्ट गळतात. सावलीचंही तसंच. पॅनेलमधले सेल एका माळेत ओवलेले असतात, त्यामुळे आंब्याच्या एका फांदीची सावली सहज तिसरा हिस्सा बंद पाडते.

आणि सरकारी अनुदान? 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतलं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान वीज कंपनीच्या जाळ्याशी जोडलेल्या घरांसाठी आहे, रानातल्या स्वतंत्र यंत्रणेसाठी नाही. शिवाय तशी बिनबॅटरीची जोडणी बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती तशीच घडवलेली असते.

शेतघराला कुलूप लावून निघताना एक करा: इन्व्हर्टर बंद करा, पॅनेलवरून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर चालू ठेवा. रिकाम्या घरात इन्व्हर्टर नुसता चालू राहिला आणि त्याने 15 वॉट जरी घेतले, तरी दिवसाला 360 वॉट-तास होतात. पंख्यापेक्षा जास्त.